प्लॅनमधले तास, घरातले तास

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा सलग शर्यतीच्या सरावाचा कुठलाही तयार प्लॅन उघडला की रविवारच्या रकान्यात एक ओळ दिसते: सायकल, ४ तास. हे चार तास घरातून कसे दिसतात ते बघू. शनिवारी रात्री बाटल्या भरायच्या, टायरची हवा तपासायची, चेनला तेल घालायचं, दिवे चार्जिंगला लावायचे. पहाटे उठायचं म्हणून साडेनऊला आडवं व्हायचं, म्हणजे मुलांना झोपवायचं काम आपोआप दुसऱ्याकडे गेलं. साडेचारचा गजर एकासाठी लावलेला असतो, जाग दोघांना येते. पाचला बाहेर पडलेला माणूस एक पंक्चर आणि पाण्यासाठीचे थांबे धरून साडेनऊला परततो. मग सायकल पुसणं, आंघोळ, भरपेट खाणं. दुपारी एकला ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून लवंडलेला गडी साडेतीनला डोळे चोळत उठतो. प्लॅनने चार तास मागितले होते, घराने नऊ दिले.

हौशी ट्रायथलीटच्या घरातली कुरबुर माझ्या मते बहुतेक वेळा ह्या मधल्या पाच तासांवरून असते. गंमत म्हणजे ते कुठेच नोंदवलेले नसतात. राइड संपली की मनगटावरचं घड्याळ थांबतं, ॲपवर चार तासांचा देखणा आलेख चढतो, त्याखाली मित्रांच्या शाबासक्या पडतात. उरलेल्या पाच तासांचा हिशेब फक्त जोडीदाराच्या डोक्यात असतो, आणि तो योग्य वेळी बाहेर येतो.

‘वेळेचं नियोजन करा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट वाटतो. नियोजन कशाचं करायचं? त्यासाठी आधी हे कळायला हवं की शरीराला खरोखर किती सराव लागतो, आणि घर-नोकरीचा भार त्याच शरीरावर कसा पडतो. ह्या दोन्ही प्रश्नांवर व्यायामशास्त्रात बऱ्यापैकी ठोस काम झालेलं आहे, आणि त्याचे निष्कर्ष संसारी माणसाला बरेच सोयीचे आहेत.

आधी अंतर

पोहणं, सायकल आणि धावणं एकामागोमाग, घड्याळ न थांबवता, हे ट्रायथलॉन. त्याची अंतरं अनेक आहेत. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला, तेव्हापासूनचं त्याचं अंतर १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असं आहे. स्प्रिंट त्याच्या निम्मं. हाफ म्हणजे १.९, ९० आणि २१.१. आणि पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२. मिळून २२६ किलोमीटर, मुदत साधारण १७ तास.

ह्या २२६ आकड्याभोवती मोठं वलय आहे, म्हणून त्याचा जन्म कसा झाला ते सांगतो. हवाईतल्या ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या स्पर्धा आधीपासून होत होत्या: वायकिकीची समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला सायकलने प्रदक्षिणा, आणि होनोलुलू मॅरेथॉन. तिथल्या खेळाडूंमध्ये वाद रंगला की जास्त दमदार कोण, पोहणारे, सायकलवाले की धावणारे. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जूडी ह्यांनी तिन्ही शर्यती एकाच दिवसात करायची कल्पना काढली. सायकलची मूळ शर्यत दोन दिवसांची आणि ११५ मैलांची होती. सायकल जिथे संपेल तिथूनच मॅरेथॉन सुरू करता यावी म्हणून त्यातले तीन मैल कापले. फेब्रुवारी १९७८ मध्ये १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद लागले.

थोडक्यात, एका बेटावर होत्या त्या तीन शर्यतींची बेरीज म्हणजे २२६. माणसाच्या हृदयाला किंवा स्नायूंना ह्या आकड्याचं काही विशेष नाही. आठवड्याला सहा ते आठ तास मिळणारा माणूस ऑलिंपिक अंतर झकास करू शकतो आणि हाफही नीट पूर्ण करू शकतो. पूर्ण अंतराला शेवटचे तीन-चार महिने बहुतेकांना दहा ते चौदा तास द्यावे लागतात, आणि वर पाहिलं तसं घराच्या मापाने ते जवळजवळ दुप्पट भरतात. घरात तान्हं बाळ असताना पूर्ण अंतराची फी भरायची असेल तर हे गणित जोडीदाराच्या शेजारी बसून, कागदावर करावं. भरल्यानंतर केलेलं गणित नेहमी हवं तसं सुटतं.

कमवायला खूप लागतं, टिकवायला थोडं

दमाच्या व्यायामाने शरीरात नेमकं काय बदलतं? पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. पुढच्या आठवड्या-महिन्यांत स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींमधल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची संख्या आणि क्षमता वाढते. ह्या सगळ्याचा एकत्रित अंदाज घेण्यासाठी ‘व्हीओटू मॅक्स’ मोजतात. जीव तोडून व्यायाम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते हे माप.

आता खरा मुद्दा. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट हिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात प्रयोगांची एक मालिका केली. आधी लोकांकडून दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून सायकल आणि धावण्याचा सराव करून घेतला. व्हीओटू मॅक्स चांगलं वाढलं. मग पुढचे १५ आठवडे सराव कमी केला, पण दर वेळी एकच गोष्ट बदलली.

पहिल्या प्रयोगात दिवस कमी केले. काहींना सहाऐवजी चार, काहींना फक्त दोन. व्हीओटू मॅक्स जवळपास जागच्या जागी राहिलं. दुसऱ्यात सहा दिवस तसेच ठेवले पण रोजची मिनिटं ४० वरून २६ किंवा १३ वर आणली. तरीही व्हीओटू मॅक्स टिकलं. १३ मिनिटवाल्यांची दीर्घकाळ रेटायची ताकद मात्र सुमारे दहा टक्के घसरली. तिसऱ्यात दिवस आणि मिनिटं तीच ठेवली, फक्त जोर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश कमी केला. आणि इथे सगळं ढासळू लागलं.

गट लहान होते आणि काळ १५ आठवड्यांचा होता, त्यामुळे ह्याच्या जोरावर वर्षानुवर्षं आठवड्यात दोन दिवसांवर भागवायचं स्वप्न बघू नये. पण तीन-साडेतीन महिने म्हणजे काय ते घराच्या भाषेत पाहा. मुलांच्या परीक्षांचा मोसम त्यात बसतो. ऑफिसात वर्षअखेरीची धावपळ, घर बदलणं, घरातल्या कुणाचं ऑपरेशन आणि त्यानंतरची शुश्रूषा, सगळं बसतं. अशा काळात आठवड्यात दोन-तीनदा अर्धा-पाऊण तास, पण त्यात थोडा खरा जोर, एवढं जमलं तरी कमावलेलं बरंचसं शाबूत राहतं. पूर्ण थांबलं तरच प्लाझ्मा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उतरतो आणि व्हीओटू मॅक्स काही टक्के खाली येतं.

वर्ष सपाट नसावं, असं मी म्हणतो ते ह्यामुळे. वर्षभर आठवड्याला दहा तास ओढत राहणारा आणि वर्षभर घरी ओशाळलेला माणूस मी पाहिला आहे, तुम्हीही पाहिला असेल. त्यापेक्षा आठ-दहा आठवड्यांचा एखादा कसून सरावाचा टप्पा, घराला झेपेल अशा महिन्यांत ठरवून घ्यावा, आणि बाकीचा काळ टिकवण्यावर काढावा. ‘हे अमुक तारखेला संपणार आहे’ हे माहीत असलं की लोक बरंच काही आनंदाने सोसतात.

काही गोष्टींत मात्र लबाडी चालत नाही. स्नायूंना हाडांशी जोडणारे टेंडन आणि खुद्द हाडं, हृदय-फुप्फुसांपेक्षा बरीच सावकाश तयार होतात. दम सुधारला म्हणून धावण्याचं अंतर एकदम वाढवलं की पोटरी, टाच किंवा नडगी बोलू लागते. लांब राइडलाही पर्याय नाही. पाच तास खोगिरावर बसणं, दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात घालून ती पचवणं, वाऱ्याविरुद्ध डोकं शांत ठेवणं, हे पाऊण तासात शिकता येत नाही. पण ती दर आठवड्याला लागते असंही नाही. स्पर्धेआधीच्या टप्प्यात एक आड एक रविवार खऱ्या अर्थाने लांब आणि मधला रविवार दीड-दोन तासांत संपणारा, अशी वाटणी हौशी माणसाला पुरते असा माझा अनुभव आहे.

शरीराचं खातं एकच

सराव, ऑफिस, रडणारं बाळ, बँकेचा हप्ता. ह्यांची खाती वेगळी आहेत असं आपण मानतो. शरीर सगळा खर्च एकाच खात्यातून वळता करतं. ताण कुठलाही असो, सावरायला लागते ती तीच झोप, तेच अन्न आणि तीच संप्रेरकांची यंत्रणा.

ह्याचा एक चांगला पुरावा व्यायामशास्त्रज्ञ सॅम्युएल मार्कोरा ह्यांच्या २००९ मधल्या प्रयोगात आहे. लोकांना ९० मिनिटं संगणकासमोर बसवून एकाग्रतेचं, डोकं शिणवणारं काम दिलं. वेगळ्या एका दिवशी तेवढाच वेळ साधी माहितीपर फिल्म दाखवली. दोन्हींनंतर दमेपर्यंत सायकल मारायला लावली. डोकं शिणलेलं असताना लोक सुमारे १५ टक्के लवकर थांबले. हृदयाचे ठोके आणि जोराच्या व्यायामात रक्तात वाढणारं लॅक्टेट ह्यांत त्याचं कारण सापडलं नाही. फरक होता तो ‘किती जड जातंय’ ह्या जाणिवेत. दिवसभर बैठकांमध्ये अडकून संध्याकाळी ट्रॅकवर उतरलेल्या माणसाला रोजचा वेग जड का जातो, ते ह्यातून कळतं. ढेपाळल्याबद्दल स्वतःला शिव्या घालायची गरज नाही. दुसऱ्या एका अभ्यासात जड व्यायामानंतर ९६ तास लोकांची ताकद मोजत राहिले, तेव्हा आयुष्यात जास्त ताण असलेल्यांची ताकद सावकाश परतली.

भार मोजायची एक साधी पद्धत व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर ह्यांनी रुळवली. व्यायाम संपल्यावर तो किती कठीण गेला ह्याला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि मिनिटांनी गुणायचं. एक तास कसून केलेला, सात गुणांचा सेट म्हणजे ४२०. तीन तासांची निवांत, तीन गुणांची राइड म्हणजे ५४०. ह्या पद्धतीची खुबी अशी की रात्री दोनदा बाळासाठी उठलेला माणूस तोच तासभराचा सेट आपसूक नऊ गुणांचा म्हणून नोंदवतो आणि आकडा ५४० वर जातो. घर हिशेबात येतं, वेगळं काही न मोजता.

झोपेबद्दल मात्र मी जरा कडक आहे. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी, ह्यावर झोपेच्या तज्ज्ञांचं एकमत आहे. सरावाने झालेली झीज भरून निघते ती मुख्यतः गाढ झोपेत. तरीही वेळ कमी पडला की सगळ्यात आधी कात्री झोपेलाच लागते, कारण तिच्या वतीने भांडणारं कुणी नसतं. सगळ्याचं सोंग आणता येतं, झोप झाल्याचं आणता येत नाही. पहाटेचा सराव साडेचारला असेल तर रात्रीचे साडेनऊ हा सरावाचाच भाग. ते जमणार नसेल तर गजर सहाचा लावावा आणि पाऊण तास धावून यावं. मूल तापाने फणफणलेलं असलेल्या रात्रीनंतर सकाळचे इंटरव्हल, म्हणजे मधे विश्रांती घेत करायचे वेगाचे तुकडे, करू नयेत. ते दोन दिवस पुढे ढकलावेत, त्या दिवशी हलकं चालावं किंवा सरळ झोपावं. जोर महत्त्वाचा हे वर म्हटलंच, पण तो आठवड्यात दोनदा पुरतो, आणि वार कोणता ह्याच्याशी शरीराला देणंघेणं नाही.

मुलं सर्दी घरी आणतात, ती आपल्यालाही गाठतेच. ढोबळ नियम असा: फक्त नाक वाहत असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप, छातीतला खोकला किंवा अंगदुखी असेल तर पूर्ण विश्रांती.

आणि एक नीट न ओळखली जाणारी गोष्ट, कमी खाणं. सकाळी सराव, मग मुलांचे डबे, मग स्वतः धावतपळत ऑफिस. ह्यात न्याहारी राहून जाते आणि आठवडेच्या आठवडे खर्चापेक्षा कमी खाल्लं जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ह्या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरतं, दुखापती पाठ सोडत नाहीत. आणि चिडचिड वाढते. हे शेवटचं लक्षण ट्रायथलीटच्या आधी घरच्यांना कळतं.

आठ तासांचा आठवडा

डायरीत दारापासून दारापर्यंतचा वेळ लिहायची सवय लावली की पुष्कळ गोष्टी उघड्या पडतात. धावणं सगळ्यात इमानदार: बूट चढवले, बाहेर पडलो, ४५ मिनिटांचे ५५ झाले. पोहणं सगळ्यात महागडं. तलावावर जाणं, कपडे बदलणं, आंघोळ, परत येणं, ४५ मिनिटांच्या पोहण्याला पावणेदोन तास सहज जातात, शिवाय वेळ तलावाची, आपली नाही. सायकल मधे कुठेतरी, पण इनडोअर ट्रेनर, म्हणजे सायकल घरातच जागेवर चालवायचं साधन, असेल तर तीही स्वस्त पडते. तिथे उतार नाही, सिग्नल नाही, तासभर पाय फिरतच राहतात.

ट्रेनरचा आणखी एक उपयोग म्हणजे माणूस निदान घरात असतो. बंद दारामागे पंखा घोंघावतोय, चटईवर घामाचं थारोळं झालंय, आणि दार ढकलून वही घेऊन कुणीतरी विचारतंय, “बाबा, नऊ साती किती?” ‘त्रेसष्ट, आणि पुढचं गणित घेऊन ये’ एवढं सलग बोलता आलं तर तुम्ही हलक्या टप्प्यात आहात. नुसती तीन बोटं वर करून ‘तीन मिनिटं थांब’ सांगावं लागलं तर जोर बरोबर लागलाय. बोलून बघायची ही कसोटी हार्ट रेटच्या पट्ट्याइतकी बारीक नाही, पण हौशी माणसाला पुरून उरते.

नमुन्याचा आठवडा सांगायचा तर: पोहणं दोनदा, प्रत्येकी ४५ मिनिटं. तासभर ट्रेनरवर जोरदार सेट आणि शनिवार-रविवारपैकी एक दिवस अडीच तासांची राइड. धावणं तीनदा, एक ४५ मिनिटं हलकं, एक ४० मिनिटांचं मधे वेगाचे तुकडे असलेलं आणि एक सव्वा तासाचं. वर २० मिनिटं ताकदीचे व्यायाम. बेरीज बरोबर आठ तास. यातले जोराचे दोनच. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर ह्यांनी अव्वल खेळाडूंच्या डायऱ्या तपासल्या तेव्हा त्यांचे सुमारे ८० टक्के सराव हलके असल्याचं दिसलं होतं. हौशी लोक नेमकं उलट करतात, आणि त्याचं कारण घरगुती आहे. ‘मुश्किलीने तास मिळालाय, वसूल करू’ ह्या भावनेने दर वेळी अर्धवट जोर लावतात. त्यातून ना धड दम वाढत, ना वेग, फक्त थकवा घरी येतो.

पोहण्यात वेळ कमी असेल तर अंतर मोजत बसू नये. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, त्यामुळे तिथे फुप्फुसांपेक्षा शरीराची आडवी रेषा जास्त कामाची. पाय बुडालेले असतील तर कितीही लांब पोहा, ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखंच होणार. महिन्यातून एकदा कुणा जाणत्या माणसाला काठावरून बघायला सांगणं हे शंभर फेऱ्यांपेक्षा स्वस्त.

कामावर सायकलने किंवा धावत जाता येत असेल तर तो वेळ जवळजवळ फुकट पदरात पडतो, कारण प्रवासाचे तास घराने आधीच सोडून दिलेले असतात.

घरी बोलताना

“रविवारी चार तासांची राइड आहे.”

“बरं. घरी कधी?”

“दहापर्यंत.”

“घरी कधी ते कळलं रे. माणसात कधी?”

ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शनिवारीच तयार असायला हवं. लांब राइडनंतर दुपारी २० मिनिटांचा गजर लावून झोपावं. राइडमध्ये आणि संपल्यावर लगेच नीट खाल्लं तर संध्याकाळपर्यंत माणूस बऱ्यापैकी शुद्धीवर असतो. दुपारची ती निर्जीव अवस्था पुष्कळदा सायकलवर कमी खाल्ल्यामुळे येते.

वाटणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ‘मी आठ तास घेतो, उरलेल्या वेळात तू तुझं बघ’ ही वाटणी नव्हे. उरलेला वेळ कधीच उरत नाही. आधी जोडीदाराचे तास कॅलेंडरवर मांडावेत, मग त्यात राइड कुठे बसते ते बघावं. त्या तासांत तिने किंवा त्याने काय करायचं, ह्यावर बोलायचं नाही. ‘तूही धावायला ये ना’ हा आग्रह तर नकोच. एका घरात एक ट्रायथलीट म्हणजे कपड्यांचा पुरेसा ढीग असतो.

आई ट्रायथलीट असेल तर हिशेब जास्त तिखट होतो. तोच रविवार, तीच राइड, पण तिला निघण्याआधी सूचनांची यादी लिहून ठेवावी लागते, आणि परतल्यावर कुणीतरी विचारतंच, ‘मुलं कुणाजवळ होती?’ हा प्रश्न बापाला विचारलेला मी ऐकलेला नाही. बाळंतपणानंतरची गोष्ट तर वेगळीच. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार धावणं निदान तीन महिने टाळावं, आणि मग ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंची तपासणी करून सुरू करावं. स्वित्झर्लंडच्या निकोला स्पिरिगने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं, २०१३ मध्ये तिला मुलगा झाला आणि २०१६ ला रिओत तिने रौप्य मिळवलं. पुढे तीन मुलांची आई असताना ती टोकियोत सहावी आली. कौतुक करावं तितकं थोडं. पण तो तिचा पेशा होता आणि मागे सगळी यंत्रणा होती. तिचं उदाहरण नोकरी करणाऱ्या आईच्या तोंडावर फेकू नये.

घरच्यांच्या मनात भीतीही असते, आणि ती अगदीच निराधार नसते. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ दरम्यानच्या ट्रायथलॉनमध्ये अचानक मृत्यू, हृदय बंद पडणं किंवा अपघाती मृत्यू अशा मिळून १३५ घटना संशोधकांना सापडल्या. दर लाख सहभागींमागे हे प्रमाण दोनपेक्षाही कमी आहे, पण दोन तृतीयांश घटना पोहताना घडल्या होत्या आणि त्यात मध्यमवयीन पुरुष बहुसंख्य होते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने, किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्याने, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि तिचा निकाल घरी दाखवावा. उघड्या पाण्यात एकटं पोहू नये, पाण्यावर तरंगणारा रंगीत फ्लोट कमरेला बांधावा. लांब राइडला निघताना फोनवरून आपलं ठिकाण घरी दिसत राहील अशी सोय करावी. एवढ्याने वाट बघणाऱ्याचा रविवार पुष्कळ हलका होतो.

स्पर्धा आणि त्यानंतर

स्पर्धेआधीचे दोन आठवडे टेपरचे: सरावाची मात्रा साधारण निम्म्यावर आणायची, जोर आणि दिवस तेच ठेवायचे. २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हीच पद्धत सगळ्यात फायद्याची दिसली. मोकळे झालेले तास घराला मिळतील असं वाटतं. प्रत्यक्षात माणूस ह्या काळात अस्वस्थ होऊन बॅग चौथ्यांदा भरत बसतो, तेव्हा त्याला काहीतरी घरकाम द्यावं.

स्पर्धेच्या दिवशी घरच्यांचा दिवस आपल्यापेक्षा लांब असतो. तुम्ही धावत असता, ते उन्हात उभे असतात, आणि तेरा तासांत तुमचं दर्शन चार-पाच वेळा प्रत्येकी दहा सेकंद होतं. त्यांना वेळापत्रक द्या: कुठे उभं राहिलं तर साधारण किती वाजता दिसाल, आणि त्या वेळेला एक तास उशीर झाला तरी घाबरायचं कारण नाही. सायकलच्या पाच-सहा तासांत त्यांनी सरळ मुक्कामी जाऊन झोप काढावी, हे आदल्या दिवशीच सांगून टाका, नाहीतर बिचारे कर्तव्य म्हणून उभे राहतात.

नंतरचे दोन आठवडे प्लॅन नाही, गजर नाही. पुढच्या स्पर्धेची नोंदणी ह्या दिवसांत करू नये, कारण डोकं अजून फिनिश लाइनवरच असतं. कॅलेंडरवर जोडीदाराच्या नावाने राखलेली पहिली सबंध रविवार सकाळ ह्याच आठवड्यात ठेवावी. तसंही तुम्हाला जिना उतरताना कठडा धरावा लागत असतो, राइडला पळून जायचा धोका कमी.